कोपऱ्यातलं नाव

हदगावच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली, तेव्हा अण्णांनी माझ्या पत्र्याच्या पेटीला कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच आत चढवली, सीटखाली सरकवली आणि अक्षरं लिहिलेली बाजू येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी फिरवून ठेवली. मग खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. गाडी हलेपर्यंत एवढंच बोलले, "पेटीवर काही ठिवू नको. रंग नवा हाय."

माझे वडील, अण्णा, बोर्ड पेंटर. पेटीवर त्यांनी माझं नाव, मु. पो. हदगाव, जि. नांदेड, असा सगळा पत्ता पिवळ्या अक्षरांत काढला होता, अक्षरांना लाल सावली देऊन. त्याआधी दोन हात अस्तर. पत्रा घासायचा, प्रायमर द्यायचं, वाळू द्यायचं, परत घासायचं, परत द्यायचं. मला घाई होती, त्यांना नव्हती. "अक्षर कच्चं चालंल, भिंत कच्ची चालत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पत्रा असो, भिंत असो की ट्रॅक्टरची ट्रॉली, त्यांच्या लेखी सगळी भिंतच.

काम झालं की उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ते लिहायचे, 'सुजाता आर्ट, हदगाव'. सुजाता म्हणजे मी. माझ्या जन्माच्या वर्षी दुकान काढलं आणि माझं नाव दिलं. शाळेच्या भिंतीवरचे पाढे, खताच्या दुकानाची पाटी, विहाराची कमान, जयंतीचे निळे फलक, सगळ्यांच्या कोपऱ्यात मी. अण्णांचं स्वतःचं नाव किसन. ते मी एकाही पाटीवर पाहिलेलं नाही.

लातूरच्या होस्टेलमध्ये पोरी त्या पेटीला हसल्या. "सुजे, ही पेटी आहे का किराणा दुकान?" एकीनं विचारलं. मीही हसले आणि संध्याकाळी पेटीवर चादर टाकली. ती चादर कितीतरी वर्षं निघाली नाही. आज मागं वळून बघते तर सुरुवात तिथूनच दिसते, पण तेव्हा ती नुसती एक चादर होती.

लातूरहून चित्रकला शिकायला बडोदा, बडोद्याहून बंगळूर. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघाले त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. 'लई'चं 'खूप' कधी झालं, 'हाव'चं 'हो' कधी झालं, कळत नाही. जे मागं राहिले त्यांना मात्र ते पहिल्या फोनलाच कळतं. ते बोलत नाहीत एवढंच.

मग तीन वर्षांपूर्वी नांदेडात, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात कलाकेंद्र निघालं. बाहेरच्या कलावंतांनी यायचं, दोन महिने राहायचं, काम करायचं, शेवटी गावाला दाखवायचं. याला रेसिडेन्सी म्हणतात. मी बंगळूरच्या पत्त्यावरून अर्ज केला. प्रपोजलमध्ये अण्णांवर दोन परिच्छेद लिहिले. बोर्ड पेंटर बाप, फ्लेक्स आल्यावर बसलेला धंदा, त्यांच्याकडून उचललेलं अक्षराचं वळण. कागदावर अण्णा फार शोभले. निवड झाली ती त्या दोन परिच्छेदांवर, हे संचालिकाबाईंनी मला कौतुकानं सांगितलंही.

म्हणजे घर दीड-दोन तासांवर आणि मी नांदेडात पाहुणी. आई फोनवर म्हणाली, "घर असून तिथं कशाला राहून राहिली तू?" मी तिला रेसिडेन्सी समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवायला काय देतात?"

माझी भिंत मधल्या शेडमधली, पश्चिमेची. तिच्यावर चुन्याचे कितीतरी थर होते आणि थरांखाली जुनी अक्षरं. कापसाच्या गाठींचे आकडे, कुठं उर्दूतला एखादा शब्द, कुठं अर्धं नाव. कुणी लिहिली ठाऊक नाही. मी बारीक पात्यानं एकेक थर सोलत होते. सहा आठवडे मान मोडून तेच केलं. ज्यांचे हात पुसले गेले त्यांच्यासाठी हे काम आहे, असं मी सगळ्यांना सांगायची.

अण्णा दर आठवड्याला विचारायचे, "येऊ का गं बाई बघाया?" मी म्हणायची, अजून झालं नाही, शेवटी या. शेवट आला तेव्हा म्हणाले, उद्या येतो. मी म्हटलं, "उद्या नको अण्णा, दिल्लीचे पाहुणे आहेत, धावपळ असते. भिंतीचंही बरंच राहिलंय अजून." शेवटचं वाक्य मी त्यांना टाळायला बोलले. त्यांनी नेमकं तेच धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संचालिकाबाईंबरोबर पाहुण्यांना आणायला गेले. त्यांचं जेवण उरकून आम्ही तीनच्या सुमारास परतलो. मधल्या शेडमध्ये शिरलो आणि मी थांबले. माझी भिंत पांढरी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वरपासून खालपर्यंत. समोर बादली आणि शिडी. कानाला पेन्सिल लावलेले अण्णा शेवटचा कोपरा बोटांनी चाचपून बघत होते.

ते सकाळच्या पहिल्या गाडीनं आले होते. बादली आणि ब्रश घेतलेल्या माणसाला गेटवर कुणी अडवत नाही. फोनवर मी सांगितलेली पश्चिमेची भिंत बघून त्यांना वाटलं, पोरीचं अस्तरच राहिलंय. अर्धवट खरवडलेली, पोपडे लोंबणारी भिंत आज पाहुण्यांना दाखवायची म्हणजे पोरीची अब्रू जायची. म्हणून त्यांनी उरलेलं सगळं खरवडलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला आणि दोन हात प्रायमर दिलं. पाहुणे यायच्या आत निघून जायचा त्यांचा बेत होता, हे मला आईनं नंतर सांगितलं.

बाई आधी भिंतीकडे आणि मग अण्णांकडे बघत राहिल्या. हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "सुजाता, हे तुझे वडील का?"

मी म्हणाले, "नाही. मी यांना ओळखत नाही."

रागाच्या भरात बोलले, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. राग होताच. पण नुसता राग असता तर मी ओरडले असते. मी तर अगदी शांतपणे, स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलले. दिल्लीचे पाहुणे माझ्याकडे बघत होते, अण्णांच्या शर्टावर पंचवीस वर्षांचे रंग होते आणि मला लाज वाटली. एवढीच गोष्ट आहे.

अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग बाईंना म्हणाले, "चुकलं म्याडम. भिंत चुकली माझी. मी बोर्ड रंगवणारा, दुसरीकडं काम होतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माफ करा म्याडम."

नळावर जाऊन त्यांनी ब्रश धुतला. न धुतलेला ब्रश त्यांनी आयुष्यात पिशवीत ठेवलेला नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहिले, मग झटकला, केस बोटांनी सरळ केले, कागदात गुंडाळला. मी दहा पावलांवर उभी होते. गेटपर्यंत तरी जावं, असं मनात आलं. गेले नाही.

पुढचं अजून वाईट आहे. पाहुण्यांना ती पांढरी भिंत आवडली. केवढं धाडस, म्हणाले. पुसलेल्या हातांवरच्या कामावर एका अनोळखी हातानं येऊन अस्तर फिरवावं, याहून मोठं काय असतं. मी मान डोलावली. अर्ध्या तासात भिंतीशेजारी चिठ्ठी लागली : 'अस्तर. सुजाता आणि एक अनामिक स्थानिक पेंटर.' अस्तरावर नाव टाकायची रीत नाही, त्यामुळे भिंतीवर माझ्या शब्दाविरुद्ध पुरावा नव्हता. त्या भिंतीचा फोटो कॅटलॉगमध्ये गेला. त्या फोटोवर मला परदेशातली रेसिडेन्सी मिळाली आणि आज बंगळूरला माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. लोक अजूनही त्या अनामिक पेंटरबद्दल विचारतात. मी त्याच्यावर छान बोलते.

माझ्या त्या वाक्याचा घरी उच्चार कुणी केला नाही. अण्णा फोनवर पूर्वीसारखेच बोलायचे. मला वाटलं, विसरले. आपण गाव सोडून गेलेली माणसं असलं काहीही पटकन धरून चालतो.

यंदा हदगावला गेले. नांदेडहून निघालेल्या गाडीच्या खिडकीतून मी सवयीनं पाट्यांचे कोपरे बघत होते. फाट्यावरच्या जुन्या पाटीवर मी होते. शाळेच्या भिंतीवर होते. पुढं एका कृषी केंद्राच्या नव्याकोऱ्या पाटीवर अण्णांचा हात स्पष्ट ओळखू आला, तीच पिवळी अक्षरं, तीच लाल सावली. कोपरा रिकामा होता. त्यानंतरच्या नव्या पाटीचाही कोपरा रिकामाच.

अण्णा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सूचना लिहीत होते. थकलेत, पण रेघ अजून सरळ येते. शेवटचं अक्षर झालं आणि ते ब्रश पुसायला लागले.

मी म्हटलं, "अण्णा, नाव टाकायचं राहिलं."

"राहिलं न्हाई. सोडून दिलं."

"का?"

"मोठ्या माणसाचं नाव आपल्या भिंतीवर बरं दिसत न्हाई, बाई."

मी त्यांच्या हातातून ब्रश घेतला. म्हटलं, "मग तुमचं टाकू. किसन पेंटर. मी लिहिते." कोपऱ्यात 'कि'ची उभी रेघ ओढायला हात टेकवला, तसं त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. ब्रश काढून घेतला आणि रॉकेलच्या डब्यात बुडवला.

"नको," म्हणाले. "त्या पेंटरला कुणी वळखत न्हाई."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं, रडता आलं असतं. त्यांनी ते नुसतं सांगितलं आणि शिडी उचलून घराकडे चालू लागले. आईनं वांग्याची भाजी केली होती. आम्ही तिघं जेवलो.

मी बंगळूरला परत आले. संचालिकाबाईंना पत्र लिहिलं, त्या पेंटरचं नाव किसन आहे आणि ते माझे वडील आहेत. त्यांचं सौम्य उत्तर आलं. कॅटलॉग छापून झालाय, आणि ती भिंत नव्या कलावंतासाठी केव्हाच रंगवून घेतली आहे.

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं तर मी नांदेड जिल्हा सांगते. ते खोटं आहे, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. घर होतं ते पाट्यांच्या कोपऱ्यांत होतं, आणि ते मी एका वाक्यात घालवलं. आता पलंगाखाली ती पेटी तेवढी आहे. चादर काढून टाकली आहे. नाव, गाव, जिल्हा, सगळं जसंच्या तसं आहे, पिवळ्यात लाल सावली. इतक्या वर्षांत एका अक्षराचाही रंग उडालेला नाही. अस्तर पक्कं होतं.