पडायला शिकवणारे आप्पा

अंगण सारवून झाले होते, ज्वारी निवडायला घेतली होती, तेवढ्यात दारात सायकल थांबली. मी नवी नवरी, माढ्याकडच्या खेड्यातून सोलापुरात नुकतीच आलेली. सायकलवरचे गृहस्थ ठेंगणे, सडसडीत, उजवा खांदा थोडा खाली. म्हणाले, "वहिनी, आमचा दोस्त उतरला. गरम पाणी ठेवा."

मला वाटले, आमचे हे घोड्यावरून उतरले, आता आंघोळीला येतील. मी बंब पेटवला, पाट मांडला. थोड्या वेळाने एकाच्या खांद्यावर हात टाकून हे आले, गळ्याजवळचे हाड मोडलेले. पाट बघून तशा कळांतही हसले. "शेकायला पाणी मागितलं, तर हिनं न्हाणी मांडली की!"

शिवलिंगआप्पांची आणि माझी ओळख ही अशी झाली. शर्यतीच्या घोड्यांच्या पागेत 'पडला' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. जॉकी पडला तरी 'उतरला' म्हणायचे, नाहीतर पडणे मागे लागते, अशी समजूत. ती मला त्या दिवशी कळली.

आप्पा आणि माझे यजमान, दोघेही जॉकी, एकाच वयाचे. अक्कलकोट रस्त्याच्या पागेत घोडे तयार करायचे आणि शर्यतींना पुण्याला न्यायचे. आप्पांच्या बरगड्या मोडल्या, मनगट मोडले, खांदा तर सरळ बसलाच नाही. घोड्यावर बसणे सुटल्यावर त्यांनी नव्या जॉकींना पडायला शिकवले. वाळूच्या ढिगावर लाकडी पिंप, पिंपावर खोगीर. शिकणारा वर बसला की आप्पा पिंपाला लाथ घालत आणि ओरडत, "मूठ उघड! लगाम सोड की! घोडा मालकाचा हाय, हाड तुझं हाय!" हात टेकायचा नाही, अंगाचे मुटकुळे करून लोळायचे.

पागेचे मालक एकदा चिडले. "मी यांना जिंकायला ठेवलंय, लोळायला नाही."

आप्पा म्हणाले, "जिंकायला आधी उठावं लागतं, साहेब."

त्या वाळूत लोळलेले कितीतरी जण आज आपल्या पायांनी चालत आप्पांच्या साठीच्या सत्काराला येणार आहेत. माझ्या यजमानांनीही ते शिकून घेतले होते. पण घोडाच अंगावर आला, तर लोळायला जागा कुठली?

त्या सकाळी आप्पा सायकल न घेता आले. दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, पडले." पुढचे त्यांना सांगावे लागले नाही.

त्यानंतर आप्पांनी मला एकटे पडू दिले नाही. शर्यतीच्या बातम्यांत यांचे नाव शोधता शोधता मी अक्षरे लावायला शिकले होते. हे गेल्यावर आप्पा वाचनालयातून पुस्तके आणून देऊ लागले. स्वतः वाचत नसत. "गोष्ट काय हाय?" विचारत, आणि मी सांगितलेली गोष्ट पागेत स्वतः वाचल्याच्या थाटात सांगत.

गौरवग्रंथात शोभणार नाही, तरी लिहिते. मला आप्पांचा हेवा वाटतो. इतक्या वेळा पडून ते इतक्या वेळा उठले. हे असते तर दोघांची साठी एकाच मांडवात झाली असती. आप्पांच्या पत्नी महादेवीबाई कुरकुरतात, "तेल चोळून माझी बोटं झिजली, तरी यांचं 'अजून वर, अजून वर' संपत न्हाई! लई नखरे." सगळे हसतात, मीही हसते. त्या कुरकुरण्याचाही मला हेवा वाटतो.

सगळ्यात मोठा हेवा त्या शेवटच्या घटकेचा. यांचे डोके आप्पांच्या मांडीवर होते. हे काय बोलले, ते मी किती वेळा विचारले. आप्पा खोटे बोलत नाहीत, म्हणून उत्तरच देत नसत. "चहा ठेवा, वहिनी," म्हणत.

या लेखाचे ठरले तेव्हा मी त्यांना म्हटले, "आता सांगा, नाहीतर मी लिहिणार नाही."

आप्पांनी हातातली बशी खाली ठेवली. "'घरी सांग, उतरला म्हणून. न्हाईतर ती घाबरंल,' एवढंच म्हनला."

"मग तुम्ही 'पडले' का म्हणालात?"

"'उतरले' म्हनलो असतो, तर तुमी पाणी ठेवलं असतं, वहिनी. ते तापलेलं पाणी मला बघवलं नसतं."

ज्या बोलण्यावरून मी आप्पांचा इतकी वर्षे हेवा केला, ते माझ्यासाठीच होते. मित्राचा शेवटचा शब्द मोडल्याचे ओझे मात्र आप्पांनी एकट्याने वाहिले. हेवा संपला, असे मी म्हणत नाही. महादेवीबाईंच्या बोटांचा अजून वाटतो. ती बोटे आणखी पुष्कळ वर्षे अशीच झिजोत, आप्पांचे गुडघे कुरकुरत का होईना चालत राहोत, आणि त्यांची सायकल आमच्या दारात थांबत राहो.

आप्पांनी हे सांगितले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण सारवले, बंब पेटवला आणि यांच्या नावाने एक घागर पाणी जास्त तापवले.