शेठच्या बंगल्यातल्या सहा खुर्च्या

शनिवारी संध्याकाळी मुंबईहून शेठचे पाहुणे यायचे होते, आणि शुक्रवारी सकाळी धोंडीबाईचा तळहात शेठच्या खुर्चीला चिकटला. तिने हात ओढला तर चर्रर आवाज झाला. दुसऱ्या खुर्चीला हात लावून पाहिला, तिसऱ्या, सहाही झाल्या, मग तो लांबलचक कोच. सगळं चामडं गुळाच्या ढेपेसारखं चिकट झालं होतं. रात्रभरात त्याच्यावर धूळ, कापडाचे तंतू आणि दोन माश्याही येऊन बसल्या होत्या, त्या काही उडायच्या स्थितीत नव्हत्या. धोंडीबाई मटकन खाली बसली.

"आये, काय झाला गो?" चंद्रकलाने, तिच्या लेकीने, दारातून विचारलं.

"दार लाव," धोंडीबाई म्हणाली. "आधी दार लाव."

१९३८ सालची गोष्ट. शहापुरात तेव्हा धोंडीबाईला न ओळखणारं घर शोधावं लागलं असतं. नवरा कसाऱ्याच्या घाटात खडी फोडता फोडता दरडीखाली गेला, आणि ही बाई रडत न बसता डॉक्टरांच्या घरची पितळी भांडी घासायला लागली. भांड्यांवरून कंदील, कंदिलांवरून फरशा, फरशांवरून आख्खे बंगले. ती, शेजारची अंबूबाई आणि चंद्रकला, अशा तिघी मिळून आग्रा रस्त्यावरचे पाच बंगले झाडून-पुसून ठेवत. धोंडीबाईने पुसलेल्या काचेवरून माशी घसरते असं लोक म्हणत. लोक म्हणायचे थांबले की ती स्वतःच म्हणे.

सगळ्यांत मोठा बंगला लाकडाच्या ठेकेदार शेठचा. पावसाळ्याचे चार महिने तो बंद असे. दसऱ्यानंतर कारभारी कमळाकरने कुलूप काढलं, तेव्हा दिवाणखान्यातल्या चामड्याच्या खुर्च्यांवर शिळ्या भाकरीवर यावी तशी हिरवी-पांढरी बुरशी आली होती. दरवर्षी ते साफ करायला मुंबईहून एक माणूस येई. या वर्षी तो तापाने पडला. कमळाकरने धोंडीबाईला बोलावून सरळ सांगितलं, "आख्खा बंगला घ्यायचा तर खुर्च्यांसकट घ्या. नायतर मी इगतपुरीची माणसं आणतो, मग फरशीपण तीच पुसतील."

धोंडीबाई हो म्हणाली. हो म्हणायला तिला कधीच वेळ लागत नसे, हा तिचा गुणही होता आणि खोडही.

पण हे हो तिने अंबूबाईलासुद्धा सांगितलं नाही. तिच्या जातीची माणसं पायात वहाणा घालत, बैलाच्या गळ्यात चामड्याचा पट्टा बांधत, त्यात काही बिघडत नसे. पण मजुरी घेऊन चामडं चोळणं, ते पुसणं, त्याला तेल पाजणं हे चांभारवाड्याचं काम. ते दुसऱ्या कुणी केलं तर भावकी त्याला वाळीत टाकी. मागच्याच साली एकाने स्टेशनावर कातड्यांच्या गठ्ठ्यांची हमाली केली, तर त्याच्या आईच्या तिरडीला खांदा द्यायला चार माणसं मिळाली नव्हती. आणि इथे चंद्रकलाची सुपारी फुटलेली. मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याचा लडकू, त्याचा मुलगा विठू. पोरगा शांत, घरी भाताची जमीन, आणि मार्गशीर्षात लग्न. लडकू स्वतः भावकीच्या बैठकीत पुढे बसणारा माणूस. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली असती, तर सुपारी परत आली असती आणि चंद्रकलाला पुन्हा कुणी मागणी घातली नसती.

म्हणून दिवाणखान्याचं दार लावून मायलेकींनी काम केलं. रिठ्याच्या पाण्याने बुरशी छान निघाली. पण चामडं कोरडं, पांढुरकं दिसायला लागलं. मग धोंडीबाईने आपल्या मुलखातल्या कुणीही केलं असतं तेच केलं. खुरासणीचं तेल आणलं. डोंगरावर खुरासणी पिकते. तिचं तेल कालवणात, तेच डोक्याला, तेच बैलाच्या शिंगांना. त्याने आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं. तिने खुर्च्यांना दोन हात तेल पाजलं. संध्याकाळी त्या अशा चकाकल्या की कमळाकरने वाहवा केली. सकाळी चिकटल्या.

"अजून रिठा लावू?" चंद्रकला म्हणाली.

"नको गो. अजून काय केला तर फाटंल."

धोंडीबाईने पदराने तोंड पुसलं. शहापुरात हे समजणारं एकच माणूस होतं. चांभारवाड्यातली भागीरथी. नवरा गेल्यावर घोड्यांची खोगिरं, वकिलांच्या पेट्या, स्टेशनमास्तरचे बूट सगळं तीच बघे. तिच्याकडे जायचं म्हणजे भर सकाळी बाजारातून जायचं, सगळ्यांच्या देखत. आणि रात्रीपर्यंत थांबायला वेळ नव्हता. धोंडीबाई मान खाली घालून निघाली. वाटेत दोन जणींनी विचारलं, कुठे चालली? तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

भागीरथी ओसरीवर बसून खोगीर शिवत होती. धोंडीबाई अंगणातच उभी राहून हळू आवाजात सगळं बोलली.

"खुरासणी?" भागीरथी हसली नाही, हे तिचे उपकार. "ती सुकती आणि चिकटती. चामड्याला एरंडेल लागतं, ते सुकत नाय. वर मेण."

"मंग तेवढा मला सांग. मी करते."

"सांगून येत नाय ते, हातानं दाखवायला लागतं. मी येते."

"मागच्या दारानं ये हां."

भागीरथीने दाभण बाजूला ठेवलं. "बाय, मी चोरी करायला येत नाय. पुढच्या दारानं येईन. आणि सात नग एका दिवसात माझे दोन हात पुरणार नायत. तुमी पण शेजारी बसून करायचं."

धोंडीबाईने मागे वळून बाजाराकडे पाहिलं. पण पाहुणे उद्या यायचे होते. ती म्हणाली, "ये."

आणि मग शुक्रवारचा सगळा दिवस दोघी बाया एका खुर्चीच्या दोन अंगांना बसून राहिल्या. कोमट रिठ्याचा नुसता फेस घ्यायचा, पाणी नाही. मऊ फडकं घट्ट पिळून घ्यायचं, गोल फिरवायचं, लगेच कोरडं करायचं. चिकटा सुटेपर्यंत पुन्हा. मग एरंडेलात मेण वितळवून बोटांच्या टोकांनी शिवणींत भरायचं. धोंडीबाई सुरुवातीला अंग चोरून बसली होती. दुपारपर्यंत ती पदर खोचून कोपरापर्यंत तेलात होती. चामडं हाताखाली हळूहळू मऊ पडत गेलं, रंग आतून वर आला. इतकी वर्षं भांडी घासून तिला कधी असं वाटलं नव्हतं. भांडं घासलं की भांडंच राहतं. हे जिवंत होत होतं.

"हात चांगला हाय तुमचा," भागीरथी म्हणाली. "कसाऱ्याला रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांत असल्या चिक्कार खुर्च्या हायत. एकटीच्यानं होत नाय म्हणून मी जात नाय. दोघी जाऊ."

"बघू," धोंडीबाई म्हणाली, पण मनात ती कसाऱ्याला पोचलीही होती.

शनिवारी सकाळी शेवटची खुर्ची राहिली होती. तेवढ्यात व्हरांड्यात खाकरण्याचा आवाज आला. चंद्रकला धावत आत आली.

"आये, लडकूमामा."

लग्नाची तिथी ठरवायला लडकू आदल्या दिवशीच शहापुरात येऊन नातलगाकडे उतरला होता, आणि बाजारात कुणीतरी सगळं त्याच्या कानावर घातलं होतं. धोंडीबाईने हात पदराखाली घेतले आणि दारात गेली. मागोमाग कमळाकरही काय गडबड आहे ते बघायला आला.

लडकू उभाच राहिला. "धोंडीबाय, मी सरळ इचारतो. तुमी चामड्याला हात लावता, असा गावात बोलतात. खरा काय?"

दिवाणखान्यात फडक्याचा आवाज थांबला. धोंडीबाईला लेकीचा श्वास मागे ऐकू येत होता. तिला वाटलं, खरं बोलावं. तिला हेही दिसलं की खरं बोललं तर हा माणूस व्हरांड्याच्या पायऱ्या उतरेल आणि परत चढणार नाही.

"नाय," ती म्हणाली. "ते काम तिचा. मी फरशीच पुसते. मी लांब असते."

लडकूने आत मान वळवली. "खरा काय गो?"

भागीरथी दारापर्यंत आली. तिने धोंडीबाईच्या तोंडाकडे पाहिलं. धोंडीबाई फरशीकडे बघत होती.

"होय," भागीरथी म्हणाली. "त्या लांबच असतात."

लडकूने डोक्यावरची टोपी नीट केली. "बरा झाला. मार्गशीर्षातली बारस धरू," म्हणाला आणि गेला. कमळाकरने एवढंच ऐकलं की खुर्च्या भागीरथीने केल्या. त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की पुढच्या वर्षापासून चामड्याचं काम थेट तिलाच. त्याचं काही चुकलं नाही.

भागीरथी शेवटची खुर्ची एकटीने पुरी करायला बसली. धोंडीबाई जवळ गेली, तर तिने वर न बघता म्हटलं, "नका. आता बोललात तर पाळा."

धोंडीबाईने पाळलं. चंद्रकलाचं लग्न थाटात झालं, ती वैशाखऱ्याला सुखाने नांदली. भागीरथीने एक भाची हाताशी घेतली आणि कसाऱ्याच्या बंगल्यांत जायला लागली, पुढे इगतपुरीपर्यंत. शेठच्या बंगल्यात दरवर्षी दोघी एकाच दिवशी येत. भागीरथी दिवाणखान्यात, धोंडीबाई व्हरांड्यात. एरंडेलाचा वास बाहेर आला की धोंडीबाई फरशी जोरजोरात घासायला लागे. आठ वर्षांत दोघी एकमेकींशी शब्द बोलल्या नाहीत.

सन सेहेचाळीसमध्ये चंद्रकलाचं तिसरं बाळंतपण माहेरी झालं. बारशाला लडकू भावकीतली चार वडील माणसं घेऊन आला. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, साखरेचा तुटवडा म्हणून गुळाचा चहा झाला. लडकूची छाती फुगलेली होती. विठू रेल्वेच्या कल्याण यार्डात नोकरीत कायम झाला होता.

"फस्ट क्लासच्या डब्यात चामड्याच्या गाद्या असतात," लडकू सगळ्यांना सांगत होता. "त्या साफ करायचा काम. सायबानं पाठ थोपटली पोराची."

चारही म्हाताऱ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. एकाचीही भुवई वर गेली नाही. धोंडीबाईचे कान तापले. ती लडकूला गोठ्याकडे बाजूला घेऊन गेली.

"व्याही, चामड्याचा काम चालतो आता?"

"रेल्वेचा हाय ना. पगार हाय."

"त्या सालात मी तुमाला खोटा सांगितला. मी चामड्यात हात घातले होते."

लडकू हसला, अगदी साधं, घरच्या माणसासारखं. "मला ठाऊक होता की. पदराखालनं एरंडेल गळत होता तुमच्या. पन तुमी नाय म्हनालात, तेवढा मला पुरा होता भावकीत सांगायला."

"आनि मी हो म्हनाले असते तर?"

लडकूने थोडा विचार केला. "मंग मोडायला लागला असता," तो म्हणाला, आणि हे त्याने खरंच सांगितलं.

धोंडीबाईला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. सगळ्यांना सगळं माहीत होतं, सगळ्यांचं निभावलं होतं, आणि त्यासाठी जिला खोटं बोलायला लागलं ती बाजाराच्या पलीकडे ओसरीवर बसली होती. बारशाचं घर तसंच टाकून ती भरदुपारी चांभारवाड्यात गेली. या वेळी वाटेत कुणी विचारलं तर तिने सांगितलं कुठे चालली ते.

"भागीरथीबाय," ती अंगणात न थांबता ओसरीवर चढून म्हणाली. आजवर तिने कधी तिच्या नावामागे बाय लावलं नव्हतं. "त्या दिवशी मी खोटा बोलले. तुमी केलेला काम आपन दोघींनी केला होता."

भागीरथीने हातातला टाका पुरा केला. मग म्हणाली, "मला कशाला सांगता? मी तिथंच होते. ज्यांना नाय म्हणालात त्यांना सांगा."

धोंडीबाई आली त्या पावली परत फिरली. ओटीवर म्हातारे अजून बसले होते, लडकूही. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि घसा फुटेस्तोवर मोठ्याने म्हणाली, "शेठच्या बंगल्यातल्या सहा खुर्च्या आनि कोच, चंद्रकलाच्या लग्नाच्या आधी, मी या हातांनी केल्या. भागीरथीबायच्या शेजारी बसून. लडकूव्याह्यांना मी नाय सांगितला, तो खोटा सांगितला. तिला तोंडावर खोटा बोलायला लावला. आता वाळीत टाकायचा तर टाका."

पाळण्याची दोरी चंद्रकलाच्या हातात तशीच थांबली. लडकूने मान खाली घातली. या एका क्षणाला धोंडीबाई आठ वर्षं भीत आली होती.

चौघांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने बाहेर. मग म्हाताऱ्याने आपली कपबशी पुढे केली.

"चहा गार झाला," तो म्हणाला. "दुसरा आन."

धोंडीबाईने कप घेतला. तिला बरं वाटायला हवं होतं. पण चुलीपाशी गेल्यावर ती तोंडात पदर कोंबून ढसाढसा रडली. एवढ्याशासाठी तिने आठ वर्षं भागीरथीकडे पाठ करून फरशी पुसली होती.