मागून हाक मारू नका

डोकं दुखणाऱ्या माणसाला दोन गोष्टी भरपूर मिळतात. एक सल्ला आणि दुसरा बाम. मी दोन्ही इतके वापरले आहेत की आता बामच्या नुसत्या वासानंही मला राग येतो.

लग्न होऊन मी भवानीनगरला आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी बारामतीची, शिक्षकाची मुलगी. नवरा कऱ्हाटीचा, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरीला. कुणाचा ऊस कधी तोडायचा याचा कार्यक्रम लावणं हे त्याचं काम. हंगाम सुरू झाला की तो पहाटे मोटारसायकलवर निघायचा आणि दिवेलागणीला परतायचा, अंगावर धूळ आणि कानांत शेतकऱ्यांच्या शिव्या घेऊन. कॉलनीत बैठ्या ओळीतलं एक क्वार्टर आम्हाला मिळालं होतं. पुढं व्हरांडा, मधे एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून परसात उघडणारं दार. ओळीतल्या भिंती पातळ. शेजारच्या घरात फोडणी पडली की आमच्याकडं ठसका लागायचा.

माझं डोकं लग्नाआधीच दुखायला लागलं होतं, पण माहेरी ते अभ्यासावर ढकललं होतं. इथं ढकलायला अभ्यास नव्हता. दुखणं मानेत सुरू व्हायचं. कवटी मानेवर टेकते तिथं कुणी अंगठा रोवून ठेवल्यासारखं वाटायचं. तिथून ते वर चढून उजव्या डोळ्यामागं जाऊन बसायचं. कंबरही दुखायची, पण कंबर काय, सगळ्याच बायकांची दुखते, असं मला सांगण्यात आलं होतं आणि मी ते मान्यही केलं होतं. मान तर वळायचीच नाही. कुणी मागून हाक मारली की मला पायापासून अख्खं वळायला लागायचं, घरातलं कपाट फिरवावं तसं. वळताना डोक्यात कळ जायची आणि चेहरा वाकडा व्हायचा. हाक मारणारीला वाटायचं, तोंड वाकडं करून बघते. बारामतीची ना, शिष्ट असणार.

उपचारही सगळे झाले. एका डॉक्टरांनी पित्त सांगितलं, दुसऱ्यांनी सायनस. तिसऱ्यांनी चष्मा दिला, त्याला नंबर नव्हता. सासूबाईंनी गावाहून येऊन मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. या सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. आराम कर.

आणि खरी अडचण तिथंच होती. मला आरामानंच दुखायचं. रात्रभर पडून राहिलं की पहाटे अंग लाकूड झालेलं असायचं. कूस बदलायची तर खाटेची कड धरून. डोकं इतकं ठणकायचं की उशीसुद्धा टोचायची. मग मी उठून परसात फेऱ्या मारायची, पाणी भरायची, भांडी घासायची. उन्हं वर येईपर्यंत दुखणं सैल व्हायचं आणि दहा-अकराच्या सुमाराला मी हसतखेळत बाजारात दिसायची. आता तुम्हीच सांगा, जी बाई सकाळी कण्हते आणि दुपारी वांगी निवडून घेते, तिच्यावर कोण विश्वास ठेवील? मला स्वतःलाही अधूनमधून शंका यायची की आपण सोंग तर करत नाही ना.

शेजारच्या घरात एक काकू होत्या. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, इंदापूरच्या पलीकडच्या एका गावच्या. त्यांच्या सासऱ्यांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता काका कारखान्यात साखर शिजवायच्या खात्यात होते. काकूंचा आवाज असा, की त्यांनी व्हरांड्यातून पोराला हाक मारली तर शाळेत ऐकू जावी. मनानं फार चांगल्या. ओळीतली उन्हाळ्यातली सावड त्याच लावायच्या.

हंगाम संपला, चिमणीचा धूर थांबला, की आमच्या ओळीत पापड-कुरडयांचे दिवस सुरू व्हायचे. सावड म्हणजे आज एकीच्या घरी सगळ्यांनी जायचं, उद्या दुसरीच्या. जिनं आपल्या घरी हात लावला तिच्या घरी आपण जाऊन हात लावायचा. प्रत्येकीनं स्वतःचं पोळपाट-लाटणं काखेत मारून यायचं. नुसते पापड करायचे असते तर कुणीही घरी बसून केले असते. पण वर्षभराच्या गोष्टी, सासरची गाऱ्हाणी, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, सगळं त्या दिवसांत लाटलं जायचं. नवी सून त्या ओळीची व्हायची ती तिथंच. त्याआधी ती फक्त कुणाची तरी बायको असायची.

पहिल्या उन्हाळ्यात मीही नवं पोळपाट घेऊन गेले. मांडी घालून, मान खाली घालून पापड लाटत बसायचं. थोड्या वेळात मानेतली कळ डोक्यात गेली. मी दात आवळून लाटत राहिले, कारण तेवढ्यात कुणीतरी मला माझ्या माहेरचं विचारलं होतं आणि सगळ्या माझं ऐकत होत्या. शेवटी उठायला गेले आणि काकूंच्या मोरीत ओकले. बायकांची धांदल उडाली. आधी सगळ्यांना वाटलं गोड बातमी आहे. नाही म्हटल्यावर त्या हळहळल्या.

"तू जा बाई, पड घरात," काकू म्हणाल्या. "आमी हाय की लाटायला. तुझं डोकं लई नाजूक हाय."

मी घरी येऊन पडले. पडल्यावर दुखणं वाढलं. भिंतीपलीकडं लाटण्यांचा आवाज आणि हसणं चाललं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मला कुणी बोलावलंच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भांडण नाही, टोमणा नाही. उलट माझ्या जिवाला त्रास नको म्हणून. आणि मला पापड कमी पडू नयेत म्हणून प्रत्येक घरातून एकेक थप्पी यायची, कागदात बांधून. एकीचे मिऱ्यांनी जळजळीत, एकीचे जरा जाड, काकूंचे पातळ आणि हिंगाचे. तळताना मी चवीवरून घर ओळखायची. ते पापड माझ्या घशाखाली उतरायचे नाहीत. माझ्यावर कुणी अन्याय केला असता तर मी कडकडून भांडले असते, भांडायला मला आवडतंही. पण दयेशी भांडायचं कसं? दुपारी सगळी ओळ एका घरात जमलेली असायची आणि मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीतून येणारे आवाज ऐकायची. मला फार एकटं वाटायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरंच हाय की, तुला आराम मिळतोय."

तो वाईट माणूस नव्हे. त्यानंच मला पुन्हा एकदा एसटीत बसवून बारामतीला नेलं, कुणीतरी सांगितलेल्या एका नव्या डॉक्टरांकडं. मी माझी नेहमीची कॅसेट लावली, मान, डोळा, उजवी बाजू. त्यांनी ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "पडून राहिल्यावर बरं वाटतं, की आणखी दुखतं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी रडायला लागले आणि डॉक्टर बिचारे गोंधळून नवऱ्याकडं बघायला लागले.

मग कंबरेचे फोटो काढले, रक्त पुण्याला पाठवलं. हा संधिवाताचाच एक प्रकार आहे, त्यांनी सांगितलं. मणक्यांच्या सांध्यांना आतून सूज येते, पडून राहिलं की सांधे आखडतात, हालचालीनं सैल होतात. मानेतल्या सुजेनं डोकं धरतं. बरा होत नाही, पण गोळ्या आहेत, व्यायाम आहे. "आणि आराम करू नका," ते म्हणाले. बरा होत नाही हे वाक्य नवऱ्याच्या कानात बसलं. माझ्या कानात दुसरं वाक्य बसलं होतं. दुखणं घेऊन मी खरं तर खुशीत घरी आले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका पहाटे मी नेहमीसारखी परसात फेऱ्या मारत होते. काकूंच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. त्या दिवशी त्यांच्याकडं कुरडया होत्या. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून काढलेला चीक पहाटेच शिजवायला लागतो, म्हणजे ऊन तापायच्या आत कुरडया घालून होतात. उकळत्या पाण्यात चीक ओतायचा आणि हात न थांबवता हाटत राहायचं. जरा थांबलं की गुठळ्या, नाहीतर तळाला करपतो. दंड भरून येतात. त्या वेळी उठून हे काम करायला कुणी खुशीनं तयार नसतं.

काकू लाटण्यानं चीक हाटत होत्या आणि पुटपुटत होत्या. मी परसातल्या दारातून आत गेले आणि त्यांच्या हातातलं लाटणं धरलं.

"अगं, तू का उठलीस? डोकं दुखंल. जा, पड."

"काकू, मला पडल्यावरच दुखतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हाटता हाटता सगळं सांगितलं, अगदी डॉक्टरांचं वाक्यही. खाली मान घालून बसणं जमत नाही, उभ्यानं काहीही जमतं. पहाटे तर मी जागीच असते.

"आन् हे आदी का न्हाय बोललीस?"

"तुम्ही सगळ्या इतक्या चांगल्या वागत होता," मी म्हणाले. "कशी बोलणार?"

काकूंनी मीठ बघायला चीक बोटावर घेतला, चाटला आणि बाजूला होऊन सगळा ओटा मला मोकळा करून दिला.

त्या उन्हाळ्यात ओळीतल्या प्रत्येक घरचा चीक मी हाटला. पहाटे जायची, उजाडताना परत यायची. बायका पोळपाटं घेऊन जमायला लागेपर्यंत माझं काम झालेलं असायचं. म्हणजे मी सावडीत आले, पण गप्पांत नाही. मला ते कळत होतं. तरी शेवटी माझ्या घराचा दिवस लागला आणि सगळ्या माझ्याकडं आल्या. लग्नानंतर पहिल्यांदा माझं घर बायकांनी भरलं. त्या दिवशी कुरडयांबरोबर पापडही उरकायचे ठरले होते. मधल्या खोलीत लाटणी वाजत होती आणि मी ओट्याशी कुरडयांचा राहिलेला शेवटचा चीक हाटत उभी होते, भिंतीकडं तोंड करून. माझ्या घरातलं हसणं सगळं माझ्या पाठीमागं होतं. कोण कुणाला काय म्हणालं, कोण एवढी हसली, काही दिसेना. वळायचं तर लाटणं सोडून अख्खं वळायला लागणार आणि चीक करपणार. मी हाटत राहिले. डोळे भरून आले, ते वाफेवर खपलं.

तेवढ्यात ओट्यावरच्या खिडकीत सावली आली. काकू परसातल्या दारानं वळसा घालून खिडकीबाहेर येऊन उभ्या होत्या, पिठाच्या हातानं गज धरून. अगदी माझ्या तोंडासमोर.

"आता दिसती का मी?" त्यांनी विचारलं.

"दिसता."

"मग ऐक," असं म्हणून त्यांनी आत काय चाललं होतं ते सगळं मला सांगितलं. कोणाचा पापड गाढवाच्या कानासारखा झाला, कोण सासूबद्दल काय बोलली, माझ्या पिठात हिंग कमी आहे असं कोण म्हणाली आणि तिला काकूंनी कसं गप्प केलं. मग गजांमधून तेलात बुडवलेली पापडाची लाटी माझ्या तोंडाजवळ धरली, कारण माझे हात मोकळे नव्हते. हिंग खरंच कमी होता.

त्यानंतर काकूंनी मला कधी मागून हाक मारली नाही. बोलायचं असलं की त्या आधी चार पावलं चालून माझ्या समोर यायच्या आणि मग बोलायच्या, शाळेपर्यंत जाईल अशा आवाजात. काही वर्षांनी काका निवृत्त झाले आणि ते दोघं गावी गेले. सामानाच्या ट्रॅक्टरवर चढायच्या आधीसुद्धा त्या वळसा घालून समोर आल्या. मग ती ओळही हळूहळू पांगली.

आता माझ्या मानेचे मणके जवळजवळ एकमेकांना जुळून गेले आहेत, मान वळतच नाही. डोकं अजून दुखतं, पहाटे अजून मी फेऱ्या मारते. नवरा आता घरीच असतो, माझी काळजीही घेतो आणि चहा हवा असला की मागून हाक मारतो. मी लगेच वळत नाही. क्षणभर थांबते, कुणी समोर येतंय का ते बघते. मग वळते.