सेहेचाळीस ओळींचा मॅक्रो

एकदा नीट केलेलं काम पुन्हा हाताने करणं हा गुन्हा आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मिरजोळ्याच्या आमच्या मासळीच्या कारखान्यात हे काका हजेरी आणि बसच्या याद्या बघायचे. कामाला येणाऱ्या बायका गावोगावच्या. उद्या कोण कुठल्या थांब्यावर चढणार, ती यादी रोज संध्याकाळी ड्रायव्हरला द्यायची; यादीत नाव नसलेल्या थांब्यावर तो बस थांबवायचा नाही. त्यात काकांचा तासभर जायचा. मग कुठूनसं त्यांना कळलं, की एक्सेलमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करता येतो. आपण एकदा करून दाखवायचं, पुढे बटण दाबलं की संगणक तेच आपोआप करतो. त्या दिवसापासून काका आमचे राहिले नाहीत.

रेकॉर्डिंग म्हणजे सोवळ्यातलं काम. पंखा बंद, फोन पालथा, चहावाला दाराबाहेर. “गप बस गो जरा, रेकॉर्डिंग चालू आहे!” असं मला दटावायचे. त्यात आवाज जात नाही, फक्त आपण एक्सेलमध्ये काय केलं ते जातं, असं मी सांगून पाहिलं. “तुझ्या आवाजाचा काय भरवसा?” म्हणाले. मध्येच शिंक येऊन भलतीकडे क्लिक झालं, की पुन्हा पहिल्यापासून. कोड उघडून चुकलेली तेवढी ओळ बदलता येते, हे त्यांना पटायचंच नाही. “उसवलेला सदरा मी घालत नाही,” हे त्यावरचं उत्तर. बसच्या यादीचा मॅक्रो एकोणिसाव्या खेपेला जमला. त्या दुपारी त्यांनी एकच यादी अकरा वेळा काढली आणि प्रत्येक वेळी मला बघायला बोलावलं.

पुढे एक नवी बाई कामाला लागली. पहिल्याच दिवशी ती घामाघूम होऊन, दोन तास उशिरा चालत आली. “बस थांबलीच नाय वो काका. मी हात केला तरी नाय.” काकांनी यादी पाहिली. रेकॉर्डिंग केलं तेव्हा सेहेचाळीस नावं होती, म्हणून मॅक्रो सेहेचाळीसच ओळी उचलत होता. हिचं नाव सत्तेचाळिसावं. दोन तास उशीर म्हणजे खाडाच, आणि नव्या बाईचा पहिल्याच दिवशी खाडा लागला तर तिला घरी पाठवायचे, हा आमच्याकडचा नियम. काका मॅनेजरकडे गेले आणि चूक माझी आहे, असं लेखी देऊन आले. निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसाला मेमो मिळाला. बाईची नोकरी राहिली.

त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोड उघडला. ओळीओळीवर बोट ठेवत, मला विचारत, यादीतलं शेवटचं नाव मॅक्रोने स्वतःच शोधावं अशी दुरुस्ती केली. ती अचूक होती. तरी दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी यादी घेऊन गेटवर उभे, उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या नावापुढे खूण करत. संध्याकाळी वाचलेला तास सकाळी खर्ची पडायला लागला. मी हसले, तर म्हणाले, “मॅक्रो यादी करतो गो. बाई आली का, ते कोण बघणार?”

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. पहिल्याच सकाळी फोन. “सगळ्या उतरल्या?”

“उतरल्या,” मी जागेवरून न उठता सांगितलं.

“मोजल्यास?”

“हो.” थाप मारली खरी, पण मग दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन यायच्या आधीच मी गेटवर जाऊन उभी राहिले. आता रोजच जाते. काकांना तसं सांगितलं, त्यामुळे त्यांची काळजी मिटली, आणि फोन यायचा बंद झाला. तो यावा, असं मला रोज वाटतं.