वरच्या फळीवरचं रक्त

शिस्तबाईच्या फ्रीझरमध्ये रक्त नेहमी खालीच असायचं. सगळ्यात खालच्या फळीवर कच्चं मांस, त्यावर मासे, त्यावर भाज्या, आणि डोक्याच्या उंचीला ब्रेडची खोकी. वरचं खाली गळलं तर एक वेळ चालेल, खालचं वर चढता कामा नये. जुना माल पुढे, नवा मागे. यात कुणी गफलत केली की त्याच्या पायावर गोठलेली कोंबडी टाकायला ती कमी करत नसे, म्हणून हॉटेलात सगळे तिला शिस्तबाई म्हणत. खोलीएवढ्या त्या फ्रीझरमध्ये ती गेलेल्या नवऱ्याचा कोट घालून वावरायची. "दोघांत कोटच उबदार होता," असं स्वतःच सांगायची.

त्या सकाळी तिला ब्रेडच्या खोक्यावर रक्त दिसलं. गोठून काळपट झालेलं, आणि त्यात चिकटलेला एक लांब केस.

मांस तिथवर येणं शक्यच नव्हतं. ती बाहेर आली. तिची धाकटी बहीण डोक्याला रुमाल बांधून कांदे चिरत होती.

"रुमाल काढ."

"ताई, काम करू दे ना."

शिस्तबाईनं रुमाल ओढलाच. कानामागे चामडी फाटली होती.

"घसरले मी."

"घसरून माणूस खाली पडतं. वर नाही."

धाकटीनं इकडेतिकडे पाहिलं. "हे आता घरी नाही मारत. सासूबाई आरडाओरडा करतात, शेजारी जमतात. इथं आत नेतात. दार लागलं की बाहेर ऐकू येत नाही." मग तिनं रुमाल परत बांधला. "कुणाला कळलेलं नाही, ताई. तेवढी अब्रू राहू दे."

धाकटीचा नवरा तिथलाच मुख्य आचारी. त्याच्या हाताला चव आहे, असं मालक येईल त्याला सांगायचे. आणि हे स्थळ शिस्तबाईनंच आणलं होतं.

दुपारी तिनं अख्खा फ्रीझर रिकामा केला. लोखंडी मांडण्या दोन्हीकडून आत सरकवल्या, मोकळ्या जमिनीवर पिंपं रचली. मध्ये एकच माणूस अंग चोरून जाईल एवढी फट उरली.

आचारी दारात येऊन उभा राहिला. "ताई, हे काय मांडलंय? आत जायचं कसं?"

"एकट्यानं."

"आणि दोघांना जायचं असलं तर?"

"दोघांचं काय काम बर्फात? तुम्हाला काय हवं ते सांगा, मी काढून देईन."

तो हसला, पण जबडा आवळूनच.

काही दिवस शांततेत गेले. मग एकदा जेवणाच्या ऐन गर्दीत धाकटीच्या हातून सॉसचं भांडं उलटलं. "आत चल," म्हणत त्यानं तिला मनगटाला धरून फरफटत नेलं, फ्रीझरमध्ये ढकललं आणि मागोमाग घुसून हात उगारला. त्याचं कोपर मांडणीच्या लोखंडावर आदळून सोलवटलं. मांडणीवरून माशांचं खोकं त्याच्या पावलावर पडलं. तळणीवाला फिसकन हसला.

त्या हसण्यानं तो पिसाळला. केसांना धरून त्यानं तिला बाहेर ओढलं आणि सगळ्यांदेखत तिचं कपाळ स्टीलच्या टेबलावर आपटलं. परात पडल्यासारखा आवाज झाला. तळणीवाल्यानं मान खाली घालून तेलात बघायला सुरुवात केली. "नवरा-बायकोचं आहे," कुणीतरी पुटपुटलं. त्यानं पुन्हा आपटलं. तिचं नाक फुटलं, चिरलेल्या कांद्यावर रक्त सांडलं.

तिसऱ्यांदा केस आवळले तेव्हा शिस्तबाईनं बर्फ फोडायचा लाकडी हातोडा दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं तिला हातोड्याच्या दांड्यातून कळलं. तो गुडघ्यांवर कोसळला, आणि तिनं खांद्यावर आणखी एक घातला. तो घाव गरजेचा नव्हता.

मालक धावत आले. "अगं, त्याचा हात! आता संध्याकाळचं कोण करणार?"

"आधी हिचं तोंड बघा," शिस्तबाई म्हणाली.

मालकांनी पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

धाकटी नाकाला पदर लावून बहिणीवरच उसळली. "तूच केलंस हे. आत जागा ठेवली असतीस तर असं चारचौघांत झालं नसतं."

"हो, मीच केलं," शिस्तबाई म्हणाली. "आत जागा होती म्हणूनच तो तुला तिथं नेत होता. एक दिवस तुला तिथून उचलूनच आणावं लागलं असतं."

जमिनीवरून आचारी कण्हत ओरडला, "बघत काय बसलीस? रिक्षा बोलाव. घरी चल."

धाकटी सवयीनं दोन पावलं निघालीसुद्धा. मग थांबली. तिनं एकेकाकडे पाहिलं: तळणीवाला, भांडीवाली, मालक. कुणापासून काही झाकायचं उरलंच नव्हतं.

"तुमच्या आईला फोन करते," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या येतील तुम्हाला न्यायला. मी ताईकडे चाललेय."

शिस्तबाईनं कोट काढून तिच्या खांद्यावर घातला. ती बटण लावू लागली, पण ते काही केल्या लागेना. शेवटी धाकटीनंच ते लावलं.