पाहुण्या इंजिनांची मेन्ना

मेन्ना ब्रीझ आयुष्यभर शिवणकाम करत आली. कूम हेलिगच्या खोऱ्यात लग्नाला उभी राहिलेली क्वचितच एखादी मुलगी असेल, जिची कंबर मेन्नाच्या फितीनं मोजली नव्हती. चॅपलच्या गायकवृंदाचे झगेही तिचेच. डोळे थकले तसं तिनं दुकान बंद केलं, पण मापं घ्यायची सवय सुटली नाही. मग ती आमच्या छोट्या रेल्वेत आली आणि इंजिनांची मापं घेऊ लागली.

आमची रेल्वे म्हणजे स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, जुन्या खाणीचा अरुंद रूळमार्ग. खाण बंद पडली, रूळ गंजले, आणि मग गावातल्याच लोकांनी शनिवार-रविवार खपून तो पुन्हा चालता केला. पगार कुणालाच नाही. मी तिकिटाच्या खिडकीत बसते, गेथिन प्यू इंजिन चालवतो, मेन्नाचा धाकटा भाऊ इथेल दगडाचं काम बघतो. घरचं वाफेचं इंजिन एकच, तेगवेन. ते आम्हाला प्रिय आहे, पण वर्षानुवर्षं तेच पाहायला लोक किती येणार? म्हणून मे महिन्यातल्या मेळ्याला दुसऱ्या कुठल्या तरी रेल्वेचं इंजिन पाहुणं म्हणून बोलवायचं. ते लॉरीवर चढून येतं, दोन दिवस आमच्या रुळांवर धावतं आणि परत जातं. या पाहुण्यांचं सगळं मेन्नाकडे.

सगळं म्हणजे खरोखर सगळं. पाहुण्याला कोळसा कुठला मानवतो, पाणी कुठलं सोसतं, हे ती आधीच विचारून ठेवी. बरोबर येणारी माणसं तिच्याच घरी उतरत. मटण आणि लीकच्या पातीचं काउल, म्हणजे पातळ रस्सा, चुलीवर असे, आणि बारा ब्रिथचा, म्हणजे मनुका घातलेल्या गोड पावाचा, जाड काप लोण्यासकट खाल्ल्याशिवाय ती कुणाला उठू देत नसे. पाहुणं इंजिन लॉरीवरून उतरलं की तेगवेनला वाफेवर घेऊन त्याच्या समोर आणायचं, तेगवेननं शिट्टी द्यायची, आणि मग तिनंच पाहुण्याला ओढत शेडपर्यंत न्यायचं. ही रीत मेन्नानं पाडली. पहिली गाडी नेहमी पाहुण्याची, आणि त्या पहिल्या गाडीला इंजिनावर, ड्रायव्हरशेजारी, मेन्ना. तेवढा एकच मान ती स्वतःसाठी घेई.

पण तिचं खरं काम त्याच्या आधीचं. आमच्या मार्गावर कडे आहेत, कमानी आहेत, फलाट आहेत, आणि सगळं आमच्याच गाड्यांच्या अंगाला बेतलेलं. परकं इंजिन कुठे घासेल, सांगता येत नाही. म्हणून मेन्ना मालकाकडून इंजिनाची मापं मागवी, आधी खाकी कागदावर आकार कापी, झग्याचा कापावा तसा, मग त्यावरून प्लायवुडची चौकट करी. समोरून पाहिलं तर इंजिनाची सावलीच. ती चौकट एका उघड्या मालडब्यावर उभी करायची, डिझेल इंजिननं हळूहळू ढकलत मार्गभर न्यायची, आणि मेन्ना बाजूनं चालत बघणार, कुठे टेकतंय का.

त्या वर्षी हेस्टर यायची होती. इंग्लंडातल्या एका वीटभट्टीवरचं हे इंजिन, मालक लेनर्ड क्रूम. क्रूमनं मागे एकदा कुठल्याशा रेल्वेला हेस्टर दिली होती आणि ती अंगावर लांब ओरखडा घेऊन परत आली होती. कुणी कबूल केलं नाही, कुणी क्षमा मागितली नाही. तेव्हापासून हेस्टर कुठे जायची नाही असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मेन्ना दोन हिवाळे त्याला फोन करत राहिली. इंजिनाचं नाव काढायची नाही. त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची, त्याच्या वाटाण्याच्या वेलांची करायची. शेवटी एके दिवशी तोच म्हणाला, "तुम्हाला हेस्टर हवी असेल ना?" मेन्ना म्हणाली, "हवी आहे. आणि तिच्या रंगाला नखाएवढाही धक्का लागणार नाही, हा माझा शब्द."

मेळ्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी चौकट निघाली. कडे पार झाले, कमानी पार झाल्या. पॉन्त गारेगच्या थांब्यावर मात्र करकर आवाज आला आणि गेथिननं ब्रेक लावला. चौकटीचा खालचा कोपरा, जिथे हेस्टरचे सिलिंडर बाहेर येतात तो, फलाटाच्या कडेच्या स्लेटवर टेकला होता.

हा फलाट इथेलनं त्याच वसंतात नव्यानं बांधला होता. आधी गाडी आणि फलाट यांच्यात इतकी फट होती की एका म्हाताऱ्या बाईंचा पाय तिच्यात अडकला. इथेलनं आमचा डबा समोर उभा केला, त्याच्या पायरीला जवळजवळ लागतील अशा मोठ्या स्लेट बसवल्या, रंधा मारल्यासारख्या एका रेषेत. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला. पाहुण्यांची आठवण कुणालाच झाली नाही.

"लाकूड फुगलंय पावसानं, आन्टी मेन्ना," गेथिन म्हणाला. "जरा कानस मारू या, की झालं."

"चौकटीला मारशील. हेस्टरला कोण मारणार?"

"मग मी मुंगीच्या पावलांनी काढतो की तिला. त्या क्रूमला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना."

इथेल हाताची घडी घालून उभा होता. "तुझी बाईच जाडी आहे त्याला मी काय करू? आमच्या डब्यांना काही अडत नाही."

"पाहुणी आहे रे ती. पाहुणीचा झगा घरच्या मुलीच्या मापावर शिवतात का?"

"मग सरकवा रूळ!"

"कुठे सरकवू? पलीकडे कडा आहे, तो काय तू खांद्यानं ढकलणार?"

"तर मग इथूनच परत फिरव तिला."

इथेल रागात बोलून गेला. पॉन्त गारेगला इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला आणायची सोय नाही, ती थेट शेवटच्या स्टेशनात आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. हेस्टरला इथून पुढे जाता आलं नाही तर ती मेळ्यात शेडबाहेर नुसती उभी राहणार. लोक उभं इंजिन बघायला येत नाहीत.

मेन्नानं चौकटीवरचा स्लेटचा चुरा बोटानं पुसला. "मी क्रूमला फोन करते," ती म्हणाली.

आम्ही सगळे तिकीटघरात गेलो. खरं तर फोन करायचं काही कारण नव्हतं, असं आमच्यापैकी निम्म्यांना वाटत होतं. तो चिडेल, येणारच नाही, दोन हिवाळे पाण्यात. पण मेन्नानं नंबर फिरवलाही होता.

"मिस्टर क्रूम, मी मेन्ना ब्रीझ. गुडघा कसा आहे?... अस्सं. शेकता ना?... बरं, ऐका. एक चूक झाली आहे. माझी. एका फलाटाचे दगड पुढे आलेत, हेस्टर घासेल... नाही, दुसऱ्या कुणाची नाही. दगड बसवले तेव्हा मी तिथेच केक खात उभी होते. तेव्हाच बघायला हवं होतं मी." बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. "हो. तसं असेल तर तसं. उतरवू नका. पण जेवून जा. काउल केलेलं असेल."

फोन ठेवून ती म्हणाली, "लॉरीवर चढवलीय त्यांनी. येऊन स्वतः बघणार. पटलं नाही तर तशीच परत."

इथेलकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. दगड काढ असं म्हणाली नाही. टोपी घातली, बाजूची पहार उचलली आणि दाराकडे निघाली.

"ठेव ती खाली!" इथेल ओरडला. "पहार घेऊन निघाली. कोपरे फोडशील तू सगळे!" मग आमच्याकडे वळून, "आणि तुम्ही काय बघताय? दगड माझे आहेत, उचलायचे तर मीच उचलणार. कुणी हात लावायचा तर मी सांगेन तसा."

उजेड होता तोवर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेच केलं. इथेल एकेक स्लेट सुटी करी, चौघांनी ती धरायची, मागे सरकवायची, खाली लवकर धरणारं सिमेंट. तो प्रत्येकाला शिव्या घालत होता, मेन्नाला सोडून. ती गुडघ्यांवर बसून दगडांच्या रेषेसाठी दोरी धरत होती. त्याची थोरली बहीण म्हणून काढलेली सगळी वर्षं एका बाजूला ठेवून ती त्याच्या हुकुमात राबली.

दुपारी लॉरी आली. क्रूम उंच, लंगडत चालणारा माणूस. कुणाशी हस्तांदोलन नाही. त्यानं चौकट पुन्हा मार्गभर न्यायला लावली, आणि पॉन्त गारेगला तिच्या आणि दगडांच्या मधल्या फटीतून आपला तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग स्टेशनात परतल्यावर लॉरीवर चढून हेस्टरच्या सिलिंडरला फीत लावली, खाली येऊन चौकटीला लावली.

"मिसेस ब्रीझ, तुमची चौकट जाड आहे."

"शिवणीला जागा सोडावी लागते, मिस्टर क्रूम."

"बघा!" इथेल म्हणाला. "बाई जाडी नव्हती, चौकट जाडी होती. माझे दगड उगाच हलवले."

क्रूमनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "ते दगड तुम्ही बसवलेत?"

"मीच. दोनदा."

"चालताना हेस्टर डुलते," क्रूम म्हणाला. "तुमच्या बहिणीनं सोडलीय ती जागा तिला लागते. दगड पहिल्या जागी असते तर ती घासलीच असती." मग म्हणाला, "काम सुरेख आहे." आणि लॉरीवाल्याला हात केला, उतरव.

तेगवेननं शिट्टी दिली. हेस्टर थंड होती, तिला उत्तर देता येईना, म्हणून क्रूमनं टोपी काढली.

पण दगड मागे गेले तशी जुनी फट परत आली. शनिवारी मेळ्याची गर्दी, हातात आइस्क्रीम, कडेवर पोरं, आणि पॉन्त गारेगला डब्यातून उतरायला लांब पाऊल. कुणीतरी तिथे उभं राहून प्रत्येकाला हात द्यायला हवा होता. आम्ही पाळ्या लावू लागलो, तर मेन्ना म्हणाली, "माझा फलाट आहे तो." दोन्ही दिवस ती तिथेच. म्हणजे पहिल्या गाडीला इंजिनावरची तिची जागा रिकामी. क्रूमनं ती दुसऱ्या कुणाला दिली नाही.

पहिल्या गाडीत मी होते, म्हणून पाहिलं. फलाटाच्या एका टोकाला मेन्ना, दुसऱ्या टोकाला इथेल, दोघांच्या अंगात पिवळी जाकिटं. हेस्टर कड्याजवळून वळून आली, हिरवीगार, अगदी डुलत. सगळा फलाट तिच्या धुरांड्याकडे बघत होता. मेन्ना वाकून खाली बघत होती, सिलिंडर दगडाजवळून जाताना मधे उजेड दिसतो का ते. उजेड दिसला. गाडी थांबली, दारं उघडली.

"अगं मेन्ना," इथेल त्या टोकावरून ओरडला, "पाहिलीस का तिला? वर बघ ना जरा!"

"आधी या बाईंना उतरवू दे," मेन्ना म्हणाली, आणि हात पुढे केला. "या. पाऊल लांब टाका. मी धरलंय."