मंजूर नसलेलं वाक्य

सोलापुरातल्या आमच्या रेडिओ केंद्रावर ती श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम करायची, मी यंत्रं सांभाळायचो. बोलताना समोर माणूस बसल्यासारखे तिचे हात हलायचे. एकदा फोनवर होटगी गावची एक म्हातारी मराठीत अडखळली, तेव्हा हिनंच तिला कन्नडमध्ये विचारलं, "ऊटा आतेनव्वा?" जेवलीस का आई, एवढंच. म्हातारी खुलली आणि शेजारणींच्या नकला करू लागली.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "हे वाक्य मंजूर संहितेत नव्हतं." थेट प्रसारण बंद करून त्यांनी कार्यक्रमाचं आधी ध्वनिमुद्रण करणं सुरू केलं. नव्या संहितेत कंसात 'हसून' असं छापलं होतं. तिनं कागद परत सरकवला. "कधी हसायचं हेबी तुमीच ठरवणार, तर तुमीच हसा की," म्हणाली आणि नोकरी सोडून गेली.

तिच्या जागची मुलगी सांगितल्याबरोबर हसते. ते हसू घरोघरी मलाच पोचवावं लागतं, याची चीड येते.